छावणीचा रस्ता आणि क्षितिजरेषा

परतवाडा ही मूळची एलिचपूरची (आजच्या अचलपूरची) लष्करी छावणी. छावणीत रस्ते सरळ आणि बराकी ओळीने. चित्रकलेतल्या यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) पहिला पाठही तसाच. डोळ्याच्या उंचीवर क्षितिजरेषा आखायची, लांब जाणाऱ्या समांतर कडा तिच्यावरच्या एकाच बिंदूला मिळवायच्या. हे तंत्र 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने रुजवले, एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांनी ते गावोगावच्या ड्रॉइंगच्या तासापर्यंत नेले.

मग आधीच्या चित्रकारांना खोली कळत नव्हती का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाहण्याची जागा सतत बदलते, कारण तिथे मोजमापापेक्षा कथा पुढे नेणे मोठे होते. यथार्थदर्शन हे मोजणीचे हत्यार आहे, चित्रकलेची कसोटी नव्हे. तरी नवशिक्याने ते शिकावेच: आधी सरळ रस्ता काढावा, अचलपूरजवळचा हौज कटोरा हा अष्टकोनी मनोरा नंतर. त्याला एका बिंदूने भागत नाही.