फर्ग्युसन-ब्राऊन : एका दुर्मीळ ट्रॅक्टरचा शोध आणि जीर्णोद्धार

ट्रॅक्टरच्या मागे नांगर किंवा रोटाव्हेटर जोडण्यासाठी असलेले तीन दांडे आणि ते अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक लिफ्ट ही रचना आज महाराष्ट्रातील कोणत्याही शिवारात दिसते. ही रचना ज्या ट्रॅक्टरवर कारखान्यात तयार होऊन प्रथम शेतकऱ्यांच्या हाती पडली, तो ट्रॅक्टर म्हणजे इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे बनलेला 'फर्ग्युसन-ब्राऊन'. १९३६ ते १९३९ या अल्प काळात त्याचे केवळ सुमारे १,३५० नग तयार झाले. त्यांपैकी अनेक पुढे भंगारात गेले. जे उरले, त्यांचा शोध घेणे आणि त्यांना पुन्हा चालते करणे हा जुन्या कृषियंत्रांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने अत्यंत जबाबदारीचा विषय ठरतो. कारण इतक्या थोड्या संख्येने उरलेल्या यंत्रातील प्रत्येक मूळ भाग हा स्वतःच एक पुरावा असतो आणि घाईने केलेली दुरुस्ती तो पुरावा कायमचा पुसून टाकू शकते.

पार्श्वभूमी

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म १८८४ मध्ये आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः तयार केलेल्या विमानातून उड्डाण करून आयर्लंडमध्ये विमान उडविणारी पहिली व्यक्ती असा मान त्यांनी मिळविला. पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी मोटारींचा व्यवसाय उभारला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने ट्रॅक्टरच्या नांगरणीत सुधारणा घडवून आणण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. त्यांचे सहकारी विली सँड्स यांच्यासह त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला.

त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढला जाई. बैलजोडीच्या जागी यंत्र आले होते, परंतु जोडण्याची पद्धत जुनीच राहिली होती. चाकांना जमिनीत पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर वजनदार करावा लागे आणि त्या वजनाने माती दबून जाई. याहून गंभीर गोष्ट म्हणजे नांगराचा फाळ खडकात किंवा झाडाच्या मुळात अडकला, तर फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे उलटे. अशा अपघातांत अनेक चालकांनी प्राण गमावले.

फर्ग्युसन यांनी यावर शोधलेला उपाय असा होता : नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे न मानता एकच यंत्र मानावे. खालचे दोन दांडे नांगराला ओढतात, तर वरचा तिसरा दांडा नांगराच्या माथ्याला जोडलेला असतो. माती जड लागली की नांगर पुढे कलंडू पाहतो आणि वरच्या दांड्यावर दाब येतो. हा दाब एका स्प्रिंगला दाबतो, स्प्रिंगची हालचाल हायड्रॉलिक व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. उचलताना नांगराचा आणि मातीचा भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. शिवाय वरचा दांडा ट्रॅक्टरला मागे उलटू देत नाही.

ही कल्पना सिद्ध करण्यासाठी १९३३ मध्ये एक प्रायोगिक ट्रॅक्टर तयार करण्यात आला. त्याच्या रंगावरून त्याला 'ब्लॅक ट्रॅक्टर' असे नाव पडले. हा ट्रॅक्टर लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याचे गिअर बनविणाऱ्या डेव्हिड ब्राऊन यांच्या कंपनीनेच पुढे प्रत्यक्ष उत्पादनाची जबाबदारी घेतली आणि १९३६ मध्ये 'टाइप ए', म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेला फर्ग्युसन-ब्राऊन, बाजारात आला.

ट्रॅक्टरची किंमत २२४ पौंड होती, तर त्याच्यासाठी खास बनविलेल्या प्रत्येक अवजारासाठी २८ पौंड वेगळे मोजावे लागत. फोर्डसन त्याहून बराच स्वस्त असल्याने विक्री मंदावली. डेव्हिड ब्राऊन यांना अधिक शक्तिशाली यंत्र हवे होते, तर फर्ग्युसन यांना अधिक उत्पादन करून किंमत उतरवायची होती. १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत गेले आणि डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्यासमोर त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. दोघांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. १९३९ मध्ये फोर्डचा '९ एन' ट्रॅक्टर फर्ग्युसन यंत्रणेसह अवतरला, तर डेव्हिड ब्राऊन यांनी स्वतःचा 'व्हीएके १' सादर केला. फर्ग्युसन-ब्राऊनचे पर्व तेथेच संपले.

ओळख पटविणे

असा एखादा ट्रॅक्टर शेतावरच्या गोठ्यात किंवा कुंपणाच्या कडेला सापडला, तर पहिले काम पाना हाती घेण्याचे नसून त्याची ओळख निश्चित करण्याचे असते. क्रमांकाची पट्टी, ओतीव भागांवरील उठावाचे क्रमांक, ओतशाळेच्या खुणा आणि इंजिनाचा प्रकार यांची नोंद करावी लागते. या ट्रॅक्टरच्या बाबतीत इंजिन विशेष महत्त्वाचे आहे. पहिल्या सुमारे ५०० ट्रॅक्टरना कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. त्यानंतरच्या ट्रॅक्टरना डेव्हिड ब्राऊन यांनी स्वतः बनविलेले इंजिन बसविले गेले. म्हणून आरंभीच्या क्रमांकाच्या ट्रॅक्टरवर नंतरचे इंजिन आढळले, तर ते केव्हातरी बदलले गेले असा तर्क करता येतो. मात्र क्रमांकाची पट्टीही एका ट्रॅक्टरवरून काढून दुसऱ्यावर लावता येते. त्यामुळे एकाच पुराव्यावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पट्टीच्या छिद्रांभोवतीचा गंज, खिळ्यांचा प्रकार आणि पट्टीखालील रंगाचा थर यांची साक्षही तपासावी लागते.

कागदोपत्री संशोधन

सूचनापुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, विक्रीची जाहिरातपत्रके, पेटंटची रेखाचित्रे आणि तत्कालीन कृषिविषयक नियतकालिके ही संशोधनाची मुख्य साधने होत. इंग्लंडमध्ये रीडिंग विद्यापीठाच्या 'म्युझियम ऑफ इंग्लिश रुरल लाइफ' या संग्रहालयात कृषियंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांचे दप्तर आणि छापील साहित्य मोठ्या प्रमाणावर जतन केलेले आहे. अमेरिकन ट्रॅक्टरच्या अभ्यासकांना १९२० पासून नेब्रास्का येथे घेतल्या गेलेल्या अधिकृत चाचण्यांच्या अहवालांचा आधार मिळतो.

तथापि छापील चित्रांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. जाहिरातीतील छायाचित्रे पुष्कळदा प्रायोगिक नमुन्याची असत आणि त्यांवर हाताने सफाईही केली जाई. कारखान्यात लहानसहान बदल सतत होत, त्यांची वार्ता पुस्तिकेत उशिरा पोहोचे. म्हणून जवळच्या क्रमांकाचे दुसरे अस्पर्श यंत्र शोधून त्याच्याशी तुलना करणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग समजला जातो. जुन्या मालकांच्या घरी असलेली पावती, कौटुंबिक छायाचित्रे आणि वृद्ध चालकांच्या आठवणी यांचेही मोल मोठे असते. हा भाग सर्वांत आधी उरकावा लागतो, कारण लोखंड वाट पाहू शकते, माणसाची स्मृती तितकी वाट पाहत नाही.

यंत्र उघडताना

वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेले असतात. हँडल मारून किंवा दुसऱ्या वाहनाने ओढून ते सोडविण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्यात पिस्टन, कनेक्टिंग रॉड किंवा गिअरचे दाते तुटतात. स्पार्क प्लगच्या छिद्रांतून पातळ तेल सोडून ते कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे मुरू देणे आणि नंतर हलक्या हाताने फ्लायव्हील मागे-पुढे करणे हा संयमाचा मार्ग होय. थंड प्रदेशातील ट्रॅक्टरमध्ये आणखी एक दोष हमखास पाहावा लागतो. इंजिनातील पाणी हिवाळ्यात न काढल्यास ते गोठून प्रसरण पावते आणि बिडाच्या ब्लॉकला तडा जातो. असा तडा कोणतीही उष्णता न देता धातूच्या पिनांनी शिवून काढण्याचे तंत्र उपलब्ध आहे. बिडाला असमान उष्णता दिल्यास नवे तडे जाण्याची भीती असते.

इंधनाचाही प्रश्न असतो. त्या काळातील असे ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर रॉकेलसदृश स्वस्त इंधनावर चालविले जात. इंजिन पुरेसे तापलेले नसेल, तर हे इंधन पूर्ण न जळता पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि वंगणतेल पातळ करते. त्यामुळे अशा यंत्रांत बेअरिंगची झीज अधिक आढळते. तेल वारंवार बदलण्याविषयीची जुन्या पुस्तिकांतील सूचना आजही तितकीच लागू पडते.

सुटे भाग मिळणे ही सर्वांत मोठी अडचण. तुटलेला भाग नव्याने ओतून घ्यावा लागला, तर मूळ भागाचाच साचा म्हणून उपयोग करण्याची चूक घडते. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे असा नवा भाग मूळ भागापेक्षा लहान निघतो. म्हणून आकसण्याचे प्रमाण धरून थोडा मोठा लाकडी नमुना तयार करावा लागतो. नव्या भागावर न दिसणाऱ्या बाजूस तो बनविल्याचे वर्ष कोरून ठेवणे ही चांगली प्रथा आहे. पुढील पिढीच्या अभ्यासकाची त्यामुळे फसगत होत नाही.

दुर्लक्षित राहणारे हृदय

जीर्णोद्धारात इंजिनाच्या आवाजाकडे आणि रंगाच्या चकाकीकडे सर्वाधिक लक्ष दिले जाते. फर्ग्युसन-ब्राऊनचे ऐतिहासिक महत्त्व मात्र त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. पंप, व्हॉल्व्ह, सील आणि वरच्या दांड्यामागील स्प्रिंग यांचा परस्पर मेळ बसला तरच ती काम करते. मूळ स्प्रिंगच्या जागी अधिक ताठ स्प्रिंग बसविली, तर अवजार उचलले जाते, परंतु मातीच्या जडपणाला ते प्रतिसाद देत नाही. असा ट्रॅक्टर मिरवणुकीत शोभून दिसतो, पण ज्या शोधासाठी तो जपला गेला, तोच त्यातून नाहीसा झालेला असतो. त्यामुळे खरी कसोटी शेतातच लागते. नांगर जमिनीत उतरवून, हलक्या आणि भारी अशा दोन्ही मातीत तास काढून खोली कशी राखली जाते, हे पाहावे लागते. त्यासाठी त्या काळचे फर्ग्युसन अवजारही हवे. अवजाराविना हा ट्रॅक्टर म्हणजे अर्धेच यंत्र होय.

रंग, गंज आणि सचोटी

फर्ग्युसन-ब्राऊनचा रंग युद्धनौकेसारखा करडा होता. तो पुन्हा देण्यासाठी अनेक जण सर्व भागांवर वाळूचा मारा करून धातू उघडा करतात, खड्ड्यांत लांबी भरतात आणि मूळ रंगाहूनही गुळगुळीत रंग चढवितात. यात दुहेरी नुकसान असते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने त्याची धूळ आरोग्यास अपायकारक ठरते. क्लच आणि ब्रेकच्या जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते, तेही लक्षात ठेवावे लागते. दुसरे नुकसान इतिहासाचे. बंद झाकणाखाली किंवा पट्टीमागे टिकलेला मूळ रंगाचा लहानसा तुकडा हाच खऱ्या छटेचा एकमेव साक्षीदार असतो.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या 'टुरिन सनदे'त जतन, संधारण आणि जीर्णोद्धार यांत फरक केलेला असून, शक्य तितका कमी हस्तक्षेप करण्यावर भर दिलेला आहे. मूळ भाग वाचविता येत असेल तर तो बदलू नये, केलेल्या प्रत्येक कामाची लेखी व छायाचित्रित नोंद ठेवावी, हे याच विचाराचे व्यावहारिक रूप होय.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. लोखंडी चाकांच्या जागी एखाद्या शेतकऱ्याने पुढे रबरी टायर बसविले असतील, तर ते काढून टाकावेत काय? कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसाचे रूप हे एक सत्य. शेतकऱ्याने चाळीस वर्षे वापरून, डागडुजी करून घडविलेले रूप हे दुसरे सत्य. दोन्हींपैकी कोणते राखायचे, याचा निर्णय त्या यंत्राची दुर्मीळता आणि त्याच्या इतिहासाचे पुरावे पाहून घ्यावा लागतो. निर्णय कोणताही असो, काढलेले भाग फेकून न देता जपून ठेवले, तर पुढच्या पिढीला तो बदलण्याची मुभा राहते.

भारतासाठी बोध

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ मध्ये आयशरने फरिदाबाद येथे सुरू केले. १९६० मध्ये मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे 'टाफे'ची स्थापना झाली. १९६३ मध्ये महिंद्राच्या सहभागाने मुंबईत 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' उभी राहिली. या पहिल्या पिढीतील ट्रॅक्टरनी साठी ओलांडली आहे. त्यांतील कित्येक भंगाराच्या भावाने विकले जातात आणि त्यांच्याबरोबर नोंदणीपुस्तक, कर्जाचे कागद, सूचनापुस्तिका व चालकांच्या आठवणीही जातात. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणारे कुशल मिस्त्री तालुक्याच्या गावी आजही सापडतात. त्या यंत्राचा क्रमांक, त्याची छायाचित्रे आणि त्याची हकिकत टिपून ठेवण्यास मोठा खर्च येत नाही. पुढे कोणी जीर्णोद्धार करावयाचे ठरविले, तर त्याला पहिला आधार याच नोंदींचा मिळेल.