एल-४४ की एल-४९? एका सूत्रातील संदर्भाचा इतिहास

१/ एप्रिल २०१३. अॅमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने, आपल्या दोन प्राध्यापकांसह, हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या निबंधातील चुका प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक चूक स्प्रेडशीटच्या सूत्रात होती. एल-४९ पाहिजे तेथे एल-४४ पडले होते. #धागा

२/ ही चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 'स्प्रेडशीट' हा शब्द संगणकाहून जुना आहे. हिशेबाच्या मोठ्या कागदावर आडव्या ओळी व उभे रकाने आखून मांडलेला तक्ता म्हणजे स्प्रेडशीट.

३/ कागदी तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर आधारलेली प्रत्येक बेरीज खोडून पुन्हा लिहावी लागे. रोजकीर्द-खतावणी हाताने मांडणाऱ्या कोणालाही हा त्रास परिचयाचा असे.

४/ १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन याने वर्गात हेच पाहिले. प्राध्यापक फळ्यावर आर्थिक तक्ता मांडत. एक गृहीतक बदलले की पुढचे आकडे पुसून नव्याने लिहिणे आले. हे काम फळ्यानेच आपसूक केले तर, अशी कल्पना त्याला सुचली.

५/ ब्रिकलिनने आराखडा केला व बॉब फ्रँकस्टनने प्रोग्रॅम लिहिला. १९७९ मध्ये अॅपल-२ संगणकासाठी 'व्हिझिकॅल्क' बाजारात आले. व्यावसायिकांनी घरगुती वाटणारा संगणक कचेरीत आणला, त्यामागे या प्रोग्रॅमचा मोठा वाटा होता.

६/ यातील मूळ युक्ती पत्त्याची आहे. रकान्याला अक्षर, ओळीला क्रमांक. दोन्ही मिळून सेलचा पत्ता. बी-१ मध्ये किंमत ४०, बी-२ मध्ये नग २५, आणि बी-३ मध्ये सूत्र: बी-१ गुणिले बी-२. उत्तर १,०००. किंमत ४५ केली की बी-३ मध्ये आपोआप १,१२५ दिसते.

७/ सूत्रात ४० आणि २५ हे आकडे लिहिलेलेच नाहीत. ते कोठे सापडतील एवढेच लिहिले आहे. म्हणून 'असे झाले तर काय?' हा प्रश्न कितीही वेळा विचारता येऊ लागला. पूर्वी प्रत्येक वेळी सगळी आकडेमोड नव्याने करावी लागे.

८/ सूत्राची नक्कल दुसऱ्या ओळीत केली तर पत्ताही सरकावा की जागीच राहावा? व्हिझिकॅल्क प्रत्येक संदर्भाविषयी हे वापरणाऱ्यालाच विचारत असे. पुढे पत्त्यास डॉलर-चिन्ह लावून तो स्थिर करण्याची पद्धत रूढ झाली. एक्सेलमध्ये आजही तीच आहे.

९/ या सोयीची किंमतही होती. कागदावर बेरीज करताना प्रत्येक आकडा नजरेखालून जाई. पडद्यावर मात्र सेलमध्ये उत्तर दिसते आणि सूत्र त्यामागे झाकलेले राहते. पत्ता चुकला तरी उत्तर तितकेच नीटनेटके दिसते.

१०/ आता २०१०. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी मांडले की, सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ झपाट्याने घसरते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशा देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्के दाखवली.

११/ २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर सरकारी खर्चात कपात करावी का, यावर वाद पेटलेला होता. अमेरिकेत पॉल रायन आणि युरोपीय आयोगात ओली रेन यांनी या निबंधाचा आधार घेतला. प्रश्न लोकांच्या नोकऱ्यांचा व निवृत्तिवेतनाचा होता.

१२/ हर्न्डनला अभ्यासक्रमातील काम म्हणून एखाद्या निबंधाचे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचे होते. उत्तर जुळेना. अखेर त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली.

१३/ तीत ३० ते ४९ या ओळींत २० देश होते. सरासरीचे सूत्र मात्र एल-३० ते एल-४४ एवढेच. डेन्मार्क, कॅनडा, बेल्जियम, ऑस्ट्रिया व ऑस्ट्रेलिया हे पाच देश सरासरीबाहेर राहिले. सूत्राचे व्याकरण बिनचूक असल्याने संगणकाने तक्रार केली नाही.

१४/ या एका चुकीचा परिणाम सुमारे ०.३ टक्काबिंदू होता, हेही नोंदवले पाहिजे. मोठे आक्षेप काही वर्षे वगळण्यावर आणि भार देण्याच्या रीतीवर होते. न्यूझीलंडच्या एका वर्षाच्या उणे ७.६ टक्क्यांना ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले होते. सर्व दुरुस्त्यांनंतर हर्न्डन व त्याच्या सहलेखकांचे उत्तर आले: अधिक २.२ टक्के.

१५/ सूत्रातील चूक मूळ लेखकांनी मान्य केली. इतर आक्षेप मान्य केले नाहीत. दुरुस्त आकड्यांतही अधिक कर्ज असलेल्या देशांची वाढ काहीशी कमीच दिसते. परंतु ९० टक्क्यांपाशी असलेला तो कडा मात्र दिसेनासा होतो.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षापासून बजावले जाते की विधान करा, पण संदर्भ द्या. सेलच्या पत्त्यालाही आपण 'संदर्भ'च म्हणतो, आणि दोहोंचे काम एकच आहे: ही गोष्ट कोठून आली ते सांगणे. तळटीप कोणी उघडून पाहिलीच नाही, तर ती असून नसल्यासारखी.

१७/ छापील निबंधातून ती पाच नावे कोणालाच दिसली नसती. फाइल मागितली गेली, दिली गेली आणि एका विद्यार्थ्याने सेलवर क्लिक केले. पुढच्या वेळी कोणी सरासरी समोर ठेवली, तर ती कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत घेतली आहे, एवढे तरी आपण जरूर विचारावे.

(समाप्त)