दोन डोळ्यांनी पाहिलेला इतिहास

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा. दोरा नेढ्याच्या कधी अलीकडे राहतो, कधी बाजूने निसटतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर आहे. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला तीच वस्तू किंचित निराळी दिसते आणि या दोन दृश्यांचा मेळ घालून जवळचे काय, लांबचे काय, हे मेंदू ठरवितो.

याच तत्त्वावर चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली ‘स्टीरिओस्कोप’ हे उपकरण मांडले. एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखविली की सपाट कागदावरची वस्तू उठून समोर उभी राहते. पुढच्याच वर्षी छायाचित्रणाची कला जाहीर झाली, आणि दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने अशी जोडचित्रे काढता येऊ लागली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात डेव्हिड ब्रूस्टर यांच्या धर्तीची पेटी व्हिक्टोरिया राणीने पाहिली, आणि ही करमणूक विलायतेत घरोघर पोहोचली.

हिंदुस्थानातही ही कला लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. परंतु आपल्या महाराष्ट्रातील जोडचित्रांचे मोठे काम झाले ते अजिंठ्याला. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये कंपनी सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठी तैलचित्रे तयार केली. ती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बहुतेक चित्रे जळून गेली. मात्र गिल यांनी कॅमेऱ्याने काढलेली चित्रे वाचली. पश्चिम हिंदुस्थानातील इमारती व प्राणिसृष्टी यांच्या १०० जोडचित्रांचे त्यांचे पुस्तक, जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह, १८६४ सालीच निघाले होते. एका चित्राच्या अनेक प्रती निघाल्या, म्हणून ते टिकले.

त्या काळी लेण्याच्या खांबाची उंची कळावी म्हणून छायाचित्रकार खांबाशेजारी एखादा माणूस उभा करीत. खांबाचे माप नोंदले जाई. माणसाचे नाव बहुधा नाही. अजिंठा गावात गिल यांनी आपल्या पारो नावाच्या सहचारिणीच्या थडग्यावर शिळा बसविली. तिच्यावर २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. नाव कोरले म्हणून पारो आज आपल्याला ठाऊक आहे. बाकीचे निनावीच राहिले.

आपल्या खोडाळ्याच्या बाजूलाही हेच लागू आहे. आपण ज्या कसाऱ्याला गाडी धरतो, तेथे रेल्वे १८६१ साली आली आणि थळ घाट चढून इगतपुरीला ती १८६५ साली पोहोचली. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट, हे पुस्तकांत सापडते. घाट फोडणाऱ्या बायाबापड्यांची नावे सापडत नाहीत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आपला मुलूख आणि शेजारचे मुकणे राजांचे जव्हार संस्थान यांची पिके, जाती व वसूल यांची माहिती आहे. ती मोलाची आहे. पण ती कचेरीच्या एकाच डोळ्याने पाहिलेली आहे.

दुसरा डोळा घरात आहे. वारली लग्नात देवीचा चौक सुवासिनी लिहितात आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे स्त्रीच. नागली-वरईची लावणी, दुष्काळात पोटाला आधार देणारे कंद, बाळंतिणीचे औषध, हे सारे ज्ञान आपल्या आज्यांच्या तोंडी राहिले. कागदावर ते फारच थोडे आले.

म्हणून मंडळाच्या भगिनींना या वर्धापनदिनी एक विनंती. घरच्या ट्रंकेतील जुने फोटो बाहेर काढा. त्यांतील माणसांना ओळखणारी एखादी वडीलधारी बाई अजून आपल्यांत आहे, तोवर प्रत्येकाचे नाव, गाव आणि अंदाजे साल फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्या. बायकांची नावे लिहिताना ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर थांबू नका. तिचे स्वतःचे नाव आणि माहेर विचारा. मग मोबाइलने त्या फोटोच्या दोन्ही बाजूंची छबी घ्या आणि ती दुसऱ्या एका घरी ठेवा. एकच प्रत असली की ती आगीत जाते किंवा वाळवीच्या तोंडी पडते.

सरकारी दप्तर आपल्याला मिळेलच. त्याच्या जोडीला लावायचे दुसरे चित्र मात्र आपणच काढावयाचे आहे, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.