फ्लॅश (घरातील छायाचित्रणातील)

बंदिस्त किंवा अंधाऱ्या जागेत छायाचित्र घेताना क्षणभरच चमकणारा कृत्रिम प्रकाश, आणि तो देणारे उपकरण. फोटोग्राफरांच्या बोलण्यात फ्लॅश ‘मारला’ जातो. तो किती जोराचा आहे यापेक्षा कोणत्या बाजूने येतो, यावर घरातला फोटो अधिक अवलंबून असतो.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील कुंभार गल्लीत गणेशोत्सवाआधी हे लगेच पटते. पावसामुळे मूर्ती आडोशाला दाटीवाटीने मांडलेल्या असतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून थेट मारला, की सोनेरी मुकुटावर पांढरा डाग उमटतो, सोंडेचा गोलावा हरवतो आणि मागच्या रांगा काळोखात जातात. छोट्या दिव्यापासून दूर जावे तसा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो : १ मीटरवरच्या मूर्तीला मिळतो त्याच्या चौथाईच २ मीटरवर, आणि ४ मीटरवर सोळावा हिस्सा.

उपाय साधा आहे. फ्लॅशचे तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवायचे. मग ती सगळी भिंतच मोठा दिवा बनते, सावलीच्या कडा मऊ होतात आणि मातीचा उठाव परत दिसतो. उजेड मात्र बराच खर्ची पडतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागतो. जुन्या वाड्यात ही युक्ती फसते, कारण लाकडी तक्तपोशी उजेड गिळते आणि उरलेल्याला तपकिरी झाक देते. तिथे सोबत्याच्या हातात दिलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा महागड्या साधनाइतकाच उपयोगी ठरतो.

१८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पूड तयार केली. पुढच्याच काळात पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील काळोख्या खोल्या तिच्या उजेडात टिपल्या. पण धूर आणि आगीचा धोका कायम होता. १९२९ च्या सुमारास एकदाच वापरायचा बल्ब आला, आणि १९३० च्या दशकात अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांच्या कामातून विजेचा, पुन्हापुन्हा चमकणारा फ्लॅश पुढे आला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही बल्बचाच फ्लॅश असे.

कोल्हापूरचे कृत्रिम उजेडाशी नाते मात्र सिनेमातून जोडले गेले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ (१९२३) हा असा उजेड वापरणारा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. सिनेमाचा दिवा मात्र सतत जळणारा. विजेचा फ्लॅश बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही लवकर विझतो.

त्यामुळेच शटरचा वेग इथे वेगळा विचार मागतो. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी तो १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच नेता येतो. त्यापुढे चौकटीचा एक पट्टा काळा राहतो. उलट १/३० पर्यंत खाली आणला, तर देवघरातल्या समईचा उजेडही फोटोत उतरतो. फ्लॅश पांढरा आणि समई पिवळी, हा विसंवाद मिटवायला फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावतात. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असला, तर डोळ्याच्या पडद्यावरून परतलेल्या उजेडाने डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसतात; तो बाजूला सरकवला की हा दोष जातो.

काही जागी फ्लॅश वापरूच नये. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत त्याला बंदी आहे. कुंभार गल्लीत असा कोणी फलक लावत नाही, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना अचानक आलेल्या झोताने कारागिराची नजर दिपते आणि हात हलू शकतो. त्या वेळी फ्लॅश बंद ठेवून, भिंग पूर्ण उघडून, १६०० ते ३२०० आयएसओवर कारागिराने स्वतःच्या कामासाठी लावलेल्या बल्बच्या उजेडातच फोटो घ्यावा. तो बल्ब बहुधा मूर्तीच्या चेहऱ्याजवळ आणि एका बाजूला टांगलेला असतो, म्हणून सोंडेची आणि पापणीची सावली आपोआप योग्य जागी पडते.