बलुत्यापासून तिकिटापर्यंत

मार्गशीर्ष-पौषातल्या रविवारी पुण्याहून बारामती, जुन्नर किंवा सासवडच्या वाटेला लागले की रस्त्याच्या कडेला फलक दिसू लागतात. हुरडा, बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी, विटीदांडू आणि कुंभाराचे चाक, सगळे एका तिकिटात. माणशी दर ठरलेला असतो, मुलांना सवलत असते आणि संध्याकाळी गाड्या परत शहराकडे निघतात. गाव हे पैसे देऊन पाहण्याचे ठिकाण आहे, ही कल्पना आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचाही काही इतिहास असेल, असे मनात येत नाही. पण तो आहे आणि बराच लांबचा आहे. तो उलगडताना आपण एक प्रश्न सतत हाताशी ठेवू : चाकावर बसलेल्या कुंभाराला मोबदला कोण देतो, आणि नेमका कशाबद्दल?

सुरुवात अर्थातच त्या काळापासून करावी लागते, जेव्हा कुंभाराकडे पाहायला कोणी येत नव्हते. दख्खनच्या गावात तो बलुतेदार होता. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग यांच्याप्रमाणे तोही गावाला बांधलेला. बाराची यादी गावागणिक थोडी बदले, पण बांधणी तीच. वर्षभर कुणब्याला मडकी-घागरी पुरवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. ते बलुते म्हणजे बक्षीस नव्हते, तो हक्क होता, वंशपरंपरेने चालणारा आणि भांडून मिळवता येणारा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झाली होती, पण मोडली नव्हती. आत्र्यांनी तिचे गोडवे गायले नाहीत. तिच्यातले लाग, ओढाताण आणि आळस त्यांनी बारकाईने नोंदवले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की त्या गावात कारागिरी ही वापरासाठी होती. घागर गळते की नाही हे पाहिले जाई. घागर घडवणारे हात पाहण्यासाठी कोणी थांबत नसे.

पाहणारा डोळा आला तो समुद्रापलीकडून. १ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जागतिक प्रदर्शन उघडले आणि हिंदुस्थानच्या दालनात कोहिनूरबरोबर विणकाम, धातुकाम, कोरीवकामही मांडले गेले. पुढच्या काही दशकांत या आवडीला शब्द देणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचे असायला हवे : जॉर्ज बर्डवूड. हा गृहस्थ १८३२ साली बेळगावात जन्मला, मुंबईत सरकारी वैद्यकीय सेवेत होता आणि भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे करण्याच्या खटपटीत भाऊ दाजींच्या बरोबरीने होता. ते संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. धंद्यांचे, वेशभूषांचे आणि ग्रामजीवनाचे मातीचे नमुने तिथे पुढे मोठ्या संख्येने जमत गेले. मुंबईकराने काचेआडचे गाव पाहिले ते बहुधा तिथेच. इंग्लंडला परतलेल्या बर्डवूडने १८८० मध्ये हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर पुस्तक लिहिले आणि त्यात वेशीबाहेर चाक फिरवणारा कुंभार, मागावर बसलेला विणकर, पाण्याला जाणाऱ्या बायका असे एक शांत, सुखी गाव रंगवले. यंत्रांच्या धुराने कावलेल्या इंग्रज वाचकाला ते मोहक वाटले. पण हे पुस्तक निघण्याच्या पाचच वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात दख्खनचे शेतकरी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळत होते, आणि त्यापाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. चित्रातले गाव आणि जमिनीवरचे गाव यांची फारकत इथे झाली. पुढच्या सगळ्या मार्गावर ती आपली सोबत सोडत नाही.

चित्रावर समाधान न मानता माणसेच उचलून नेण्याचा पुढचा टप्पा लगेचच आला. १८८५ च्या हिवाळ्यात लंडनच्या लिबर्टी या पेढीने बॅटरसी भागात एक ‘हिंदी खेडे’ वसवले. हिंदुस्थानातून विणकर, कारागीर, कसरतपटू आणले. थंडीने ती माणसे गारठली, हिशेब फसला आणि पैशांवरून तंटे झाले. पण त्यामुळे कल्पना काही मागे पडली नाही. १८८६ मध्ये दक्षिण केन्सिंग्टनला वसाहतींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तिथल्या राजवाड्यासारख्या अंगणात ३४ हिंदी कारागीर रोज प्रेक्षकांसमोर काम करत बसले. प्रदर्शनाला सुमारे ५५ लाख लोकांनी भेट दिली. या कारागिरांची ओळख पिढीजात कसबी म्हणून करून दिली जात होती. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आलेले होते आणि गालिचे विणण्यासारखी कामे तिथेच शिकलेले होते. त्यांना घेऊन आले होते त्या तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर. त्यांच्यातला बक्षीराम नावाचा कुंभार शंभरी ओलांडलेला म्हणून गाजला. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून या मंडळींची चित्रे काढवून घेतली आणि ती ऑस्बर्नच्या तिच्या वाड्यात लागली. आपला प्रश्न इथे पहिल्यांदा नवे उत्तर घेऊन येतो. मोबदला आता घागरीचा उरला नाही, घागर घडवताना दिसण्याचा झाला. आणि तो कोणाला किती द्यायचा हे प्रदर्शनाचा चालक ठरवू लागला.

याच सुमारास युरोपला स्वतःच्या खेड्यांचीही आठवण येऊ लागली होती. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस याने १८९१ साली स्टॉकहोमच्या एका टेकडीवर स्कान्सेन सुरू केले. देशभरातली जुनी लाकडी घरे सुटी करून आणायची, पुन्हा उभी करायची आणि पारंपरिक पोशाखातल्या माणसांनी तिथे वावरायचे, अशी ती योजना. उघड्यावरच्या संग्रहालयांची जगभरची परंपरा या टेकडीपासून मोजतात. तिच्यामागे हळहळ होती : कारखान्यांमुळे गाव नाहीसे होते आहे, तेव्हा निदान त्याचा नमुना राखावा.

हिंदुस्थानात मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या कल्पनेला वेगळेच वळण मिळाले आणि ते वळण महाराष्ट्रात घडले. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांवर तिथे प्रयोग सुरू झाले. काँग्रेसचे अधिवेशन शहरात न भरवता खेड्यात भरवावे, असा गांधीजींचा आग्रह होता. त्याप्रमाणे डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबू, चटया, गवत अशा तिथेच मिळणाऱ्या सामानातून त्यांनी अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले, पण त्याचा हेतू करमणुकीचा नव्हता. शहरातून आलेल्या माणसाने पाहावे, शिकावे आणि घरी गेल्यावर हातकागद वापरावा, घाण्याचे तेल घ्यावे, ही अपेक्षा होती. पाहणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे बहुधा हे पहिलेच ग्रामदर्शन. डिसेंबर १९३८ मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले तेही याच विचाराने. कारागिराला मोबदला वस्तूचाच मिळावा, फक्त गिऱ्हाईक खळ्याऐवजी देशभर पसरलेले असावे, असे हे उत्तर होते.

या उत्तराला घरातूनच एक धारदार हरकत घेतली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाची कल्पना साफ नाकारली. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले, आणि त्यांच्या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव उभा होता. बलुत्याचा हक्क जन्माच्या सक्तीशी बांधलेला होता. मेलेली गुरे ओढणे हेही एक बलुतेच होते. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली. प्रदर्शनात मांडलेले गाव आणि सोसलेले गाव यांतला फरक इथे पुन्हा उघडा पडतो : कुठल्याही प्रदर्शनाने कुंभार, सुतार, विणकर बोलावले, ओढकाम करणाऱ्याला कोणी बोलावले नाही आणि वेशीबाहेरची वस्ती कोणी उभारली नाही.

स्वातंत्र्यानंतर यजमानपद सरकारकडे आले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हस्तकलांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले होते. १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी दिल्लीच्या प्रगती मैदानात निरनिराळ्या प्रांतांची घरे असलेले खेडे उभारले गेले. ते मेळ्यापुरते होते, पण टिकले आणि राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाचा भाग झाले. १९८९ मध्ये उदयपूरजवळ पश्चिम विभाग सांस्कृतिक केंद्राचे शिल्पग्राम सुरू झाले. राजस्थान-गुजरातच्या घरांबरोबर तिथे महाराष्ट्र-गोव्याची घरेही आहेत. दरम्यान व्यापाऱ्यांनीही संधी ओळखली होती. १९७८ मध्ये अहमदाबादला ‘विशाला’ निघाले : कंदिलाचा उजेड, पानाची पत्रावळ, भोजनापूर्वी बाहुल्यांचा खेळ. पुढे जयपूरच्या ‘चोखी ढाणी’ने हाच साचा मोठा केला. गाव आता जेवणाच्या दरात धरले जाऊ लागले. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाने सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदार पूर्णाकृती पुतळ्यांतून मांडले. पुतळ्यांना मोबदला द्यावा लागत नाही, हेही खरेच.

माणूस गावातून शहराकडे, प्रदर्शनाकडे, संग्रहालयाकडे नेण्याचा हा प्रवाह कुठे उलटला, असे विचारले तर डहाणूकडे बोट दाखवावे लागेल. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत; तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर, लग्नापुरता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला यंत्रणेच्या वतीने या भागात फिरले आणि त्यांनी ही चित्रे कागदावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यातून कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे पुढे आले. विधीचे चित्र पुरुषाच्या हाती गेले आणि रोजच्या जगण्याचे चित्र झाले. त्यांची चित्रे परदेशात पोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे मात्र पाड्यावरच राहिले. चित्र पाहायचे तर पाहणाऱ्याने डहाणूची वाट धरावी, असे होऊ लागले. कारागिराच्या नावाला किंमत आली आणि तो स्वतः दर सांगू लागला, हा या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो.

आजच्या कृषी पर्यटनाचे जवळचे पूर्वज मात्र युरोपातच सापडतात. फ्रान्समध्ये ओस पडणारी खेडी धरून ठेवण्यासाठी १९५१ मध्ये शेतकऱ्याच्या घरी पाहुण्यांना भाड्याने राहू देण्याची योजना सुरू झाली. इटलीने १९८५ मध्ये शेतीपर्यटनासाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पहिले केंद्र चालवून दाखवले. सुपेही याच तालुक्यातले. जिथे खतपत्रे जळाली, त्या परिसरात बरोबर १३० वर्षांनी शेतकऱ्याने शहरी माणसासाठी पाने मांडली. दोन्ही वेळा मुळाशी प्रश्न एकच होता, पावसावरच्या शेतीतून घर कसे चालायचे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी पर्यटन धोरणही मंजूर केले. हुरडा हे या व्यवहाराचे मोठे आकर्षण ठरले. पूर्वी गोवऱ्यांची आगटी पेटवून, कणसे चोळून, गूळ आणि चटणीबरोबर तो सोयऱ्या-मित्रांना खाऊ घालत. पैसे घेणे कमीपणाचे मानत. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ असे खास हुरड्याचे वाण दिले आहेत आणि शेतकरी आलेल्या गाड्यांचा अंदाज घेऊन टप्प्याटप्प्याने ज्वारी पेरतो. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. फुकट आतिथ्याचा मान मोठा असेल, पण त्याने कर्ज फिटत नव्हते.

तरीही सुरुवातीचा प्रश्न घेऊन या आवारात शिरले, की एक गोष्ट ध्यानात येते. इथे यजमान आहे तो जमीनधारक. कुंभार, बुरूड, नंदीबैलवाला, पिंगळा हे त्याच्या बोलावण्यावरून येतात आणि रविवारची मजुरी घेऊन जातात. पर्यटकांची मुले चाकावर हात ओले करतात. त्या पाच मिनिटांत झालेले मडके भट्टीपर्यंत जात नाही, मळून पुन्हा गोळ्यात मिसळते. लंडनच्या अंगणापासून वर्ध्यापर्यंत आणि दिल्लीपासून डहाणूपर्यंत फिरून कारागीर पुन्हा कुणब्याच्या दारी आला आहे, फक्त खळ्यावरचा हक्क मागे राहिला आहे. जन्माची सक्ती गेली हे फार चांगले झाले. तिच्याबरोबर वाटाही गेला, याची भरपाई अजून कोणी केलेली नाही. ती अवघड नाही. तिकिटातला ठरलेला हिस्सा कारागिराच्या नावे लिहिता येतो, भाजलेली भांडी त्याच आवारात त्याने सांगितलेल्या दराने विकता येतात, आणि चाक कोणी चालवायचे हे जात पाहून ठरवण्याची गरज नसते. काही केंद्रचालकांनी हे मनावर घेतले, तर दीडशे वर्षे केवळ पाहिला गेलेला माणूस या व्यवहारात पहिल्यांदाच भागीदार म्हणून बसेल. आणि गाव पाहायला जाणाऱ्या आपल्यालाही तिकीट काढताना विचारता येईल की यातले कुंभाराचे किती.