एडमंड रफिन आणि आम्ल मृदेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आकलन

मृदेची आम्लता हा विषय सामान्यतः कृषिरसायनशास्त्राच्या कक्षेत मोडतो. मात्र अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संदर्भात तो सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो. तंबाखू व मक्याच्या सततच्या लागवडीमुळे तेथील किनारी प्रदेशातील जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निकृष्ट झाल्या होत्या व अनेक जमीनदार आपल्या गुलामांसह पश्चिमेकडे स्थलांतर करीत होते. जेम्स नदीकाठचा जमीनदार एडमंड रफिन (१७९४-१८६५) याने शेणखत घालून पाहिले. परंतु त्याचा परिणाम टिकला नाही. पुढे हम्फ्री डेव्ही यांच्या १८१३ च्या कृषिरसायनविषयक ग्रंथात, लोहाच्या क्षारामुळे नापीक झालेली जमीन चुन्याने सुधारते, असा उल्लेख त्याच्या वाचनात आला. आपल्या जमिनीत तो क्षार नाही, तेव्हा दुसरे एखादे आम्ल असले पाहिजे, असा तर्क त्याने केला. १८१८ मध्ये त्याने प्राचीन सागरी शिंपल्यांचा चुनखडीयुक्त थर, म्हणजेच मार्ल, खणवून शेतात पसरविला. त्याच्या नोंदीप्रमाणे मक्याचे उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. १८३२ मध्ये त्याचा चुनायुक्त खतांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रफिनचा उपाय योग्य होता. कारणमीमांसा मात्र अपुरी होती. सारा दोष तो वनस्पतिजन्य आम्लाला देई. वस्तुतः सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की मृदेतील ॲल्युमिनियम विरघळते व मुळांची टोके खुरटतात. स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते; कॅल्शियम, मॅग्नेशियम व मॉलिब्डेनम यांची उपलब्धता घटते. मुळेच तोकडी राहिल्याने जमिनीत असलेली अन्नद्रव्येही पिकास पुरेशी मिळत नाहीत. रफिनचे शेणखत वाया जाण्याचे एक कारण येथेच असावे. अर्थात, सामूची मापनपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली आणि ऱ्होड आयलंड येथे हार्टवेल व पेंबर यांनी ॲल्युमिनियमच्या विषारीपणाकडे लक्ष वेधले ते १९१८ मध्ये. तेव्हा रफिनला याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल.

अमेरिकेतील मृदारसायनशास्त्राचा जनक म्हणून रफिनचा गौरव केला जातो. प्रस्तुत लेखिकेस हा गौरव अर्धवट वाटतो. मार्ल खणण्याचे व वाहून नेण्याचे अतिकष्टाचे काम गुलामांकडून करून घेतले जाई. जमीन सुधारली की स्थलांतर थांबेल आणि गुलामगिरीवर उभी असलेली व्यवस्था टिकेल, ही रफिनची धारणा होती. फुटीरतेचा हा कट्टर पुरस्कर्ता एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवरील तोफांच्या माऱ्यात सहभागी झाला. दक्षिणेच्या पराभवानंतर जून १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. तोवर त्याच्या शेतातील गुलाम मुक्त झाले होते.