स्विफ्टची गणितं आणि बारावीचा वर्ग

आयर्लंडची लोकसंख्या १५ लाख. त्यात मूल होऊ शकेल अशी जोडपी २ लाख. आपली पोरं स्वतः पोसू शकणारी ३० हजार जोडपी वजा करा, उरली १ लाख ७० हजार. गर्भपात, आजारपण आणि वर्षाच्या आत दगावणारी बाळं मिळून ५० हजार वजा करा. म्हणजे दरवर्षी गरिबाघरी जन्मणारी मुलं १ लाख २० हजार. आता प्रश्न असा, की यांचं करायचं काय?

हा हिशोब १७२९ साली डब्लिनमध्ये निघालेल्या एका पातळ पुस्तिकेतला आहे. तिच्यावर लेखकाचं नाव नाही. भाषा अतिशय सभ्य आहे, लिहिणाऱ्याला देशाची काळजी आहे, आणि त्याने बराच अभ्यास केलेला दिसतो. मग तो उत्तर देतो. २० हजार मुलं वंश चालू राहावा म्हणून ठेवायची. उरलेली १ लाख वर्षाची झाली, की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकायची. मूल सांभाळायचा वर्षाचा खर्च २ शिलिंग, विक्रीची किंमत १० शिलिंग, आईला निव्वळ नफा ८ शिलिंग.

पुस्तिकेचं नाव 'अ मॉडेस्ट प्रपोजल', म्हणजे 'एक माफक प्रस्ताव'. लेखक जोनाथन स्विफ्ट, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणारा तोच हा. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना, ज्यांना तिकडे 'सीनियर' म्हणतात, उपहास शिकवायचा असला की बहुतेक शिक्षकांना आधी हीच पुस्तिका आठवते.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आकड्यांचे तक्ते आणि डॅशबोर्ड बनवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही पुस्तिका वाचताना मला आधी खटकली ती तिची ओळखीची चाल. एकूण आकडा घ्या, त्यातून एकेक गट वजा करा, शेवटी उरलेल्या आकड्याला 'समस्या' म्हणा, मग खर्च आणि फायदा मांडा. आमच्या मीटिंगमध्ये दर आठवड्याला हेच चालतं. फक्त आमच्या तक्त्यात माणसं नसतात. निदान असं आम्ही धरून चाललेलो असतो.

खरा अंकगणितवाला

स्विफ्टने ही चाल हवेतून काढलेली नाही. त्याच्या आधीच्या पिढीत विल्यम पेटी नावाचा एक फार हुशार माणूस होऊन गेला. पेशाने डॉक्टर. क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंड जिंकल्यावर जप्त जमिनींची मोजणी करायचं काम त्याने १६५०च्या दशकात अंगावर घेतलं. 'डाउन सर्व्हे' म्हणून ती मोजणी प्रसिद्ध आहे. या कामातून त्याला स्वतःलाही आयर्लंडमध्ये भरपूर जमीन मिळाली. पुढे त्याने 'पोलिटिकल अरिथमॅटिक' लिहिलं. राज्यकारभाराचे प्रश्न विशेषणांनी न सोडवता संख्या, वजनं आणि मापं यांनी सोडवावेत, हा त्याचा आग्रह. आज ज्याला आपण डेटावर आधारलेलं धोरण म्हणतो, त्याच्या आद्य पुरुषांपैकी हा एक.

याच पेटीने युद्धात मेलेल्या आयरिश माणसांमुळे किती नुकसान झालं याचा हिशोब मांडला. त्यासाठी माणशी किंमत धरायला हवी. त्याने गुलामांच्या बाजारभावाचा आधार घेऊन ती सरासरी १५ पौंड धरली. पुढे १६८७च्या सुमारास तर त्याने आयर्लंडमधली बहुतेक प्रजा उचलून इंग्लंडमध्ये वसवायची आणि मागे उरलेला देश गुरं पाळायला ठेवायचा, अशी योजना आकडेवारीसकट लिहिली. ती लिहिताना तो थट्टा करत नव्हता.

त्यामुळे स्विफ्टची पुस्तिका ज्यांच्या हातात पडली, त्यांना तो आवाज परिचयाचा होता. 'लोकसंख्या हीच देशाची संपत्ती' हे त्या काळातलं लाडकं सूत्र. स्विफ्टने ते फक्त शब्दशः घेतलं.

त्या वर्षाचा आयर्लंड

दुसरी गोष्ट म्हणजे काळ. १६९९च्या कायद्याने आयरिश लोकरी कापड इंग्लंडखेरीज परदेशात पाठवायला बंदी केली होती, आणि इंग्लंडमध्ये त्यावर जबर जकात होती. कॅथलिक बहुसंख्य, पण त्यांना जमीन विकत घ्यायला मनाई. मोठे जमीनदार लंडनला राहायचे आणि खंड तेवढा वसूल करायचे. त्यात १७२६ पासून पिकं बुडू लागली. डब्लिनच्या रस्त्यांवर पोरांना काखेत मारून भीक मागणाऱ्या बायांची रांग लागली.

स्विफ्टने आधी सरळ उपाय सुचवून पाहिले होते. १७२० साली आयरिश लोकांनी आयरिश मालच वापरावा म्हणून त्याने लिहिलं, तर छापणाऱ्यावरच खटला भरला गेला. १७२४ साली विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा मक्ता दिल्यावरून त्याने 'ड्रेपियर' या टोपणनावाने, म्हणजे एका कापडवाल्याच्या तोंडून, पत्रं लिहिली. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला सरकारने ३०० पौंडांचं बक्षीस लावलं. लेखक कोण ते सगळ्या डब्लिनला ठाऊक होतं, पण सांगायला कोणी पुढे आलं नाही. मक्ता रद्द झाला. मात्र पत्रं छापणारा जॉन हार्डिंग तुरुंगात गेला आणि १७२५ मध्ये वारला. 'अ मॉडेस्ट प्रपोजल' छापली ती त्याच्या विधवेने, सारा हार्डिंगने.

पुस्तिकेच्या शेवटाकडे एक यादी येते. देशाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशी माल वापरा, आपसातली भांडणं थांबवा, कुळांवर थोडी दया करा. प्रस्ताव मांडणारा गृहस्थ म्हणतो, असले उपाय मला सांगूच नका. हे सगळे उपाय स्विफ्टचे स्वतःचे होते, आणि कोणीही ऐकले नव्हते. मला वाटतं पुस्तिकेचा गाभा तिथे आहे. मुलं खायची कल्पना लक्षात राहते, पण राग या यादीत आहे.

वर्गात यायला लागलेला वेळ

हा माणूस शाळेत सहज शिरला नाही. मुळात इंग्लिश साहित्य हा शाळेचा विषयच उशिरा झाला. अमेरिकेत जुना मान लॅटिन आणि ग्रीकला. १८७४च्या सुमारास हार्वर्डने प्रवेश परीक्षेत ठरावीक पुस्तकांवर इंग्लिश निबंध सक्तीचा केला. त्या यादीत शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट होते. स्विफ्ट नव्हता. मग शाळा त्या यादीप्रमाणे शिकवू लागल्या. पुढे अनेक कॉलेजांनी मिळून सामाईक याद्या केल्या. त्यांत अॅडिसनचा सर रॉजर डी कव्हर्ली ठाण मांडून बसला. तोही उपहासच, पण मायेने गालात हसणारा. तो वाचून कोणाला अपचन होत नाही. या याद्यांच्या जाचाला वैतागलेल्या शिक्षकांनी १९११ साली इंग्लिश शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली.

स्विफ्टची प्रतिमा एकोणिसाव्या शतकात फार वाईट होती. थॅकरेने १८५१च्या व्याख्यानांत त्याला जवळपास राक्षस ठरवलं. गलिव्हरची काटछाट करून लिलिपुटच्या बुटक्यांची बालकथा उरली. वर्गाचं दार त्याला खऱ्या अर्थाने उघडलं ते विसाव्या शतकात, जेव्हा बोलणारा 'मी' आणि लेखक यांत फरक करायची शिस्त शिकवली जाऊ लागली. त्या शिस्तीसाठी याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. पण त्यात एक तोटाही झाला. 'निवेदक विश्वासार्ह नाही', 'शाब्दिक उपरोध', 'अतिशयोक्ती' अशा खुणा समासात करायच्या, परीक्षेत मार्क मिळवायचे, आणि आयर्लंड विसरून जायचा.

मामा, हा सीरियस आहे का?

माझ्या मावसबहिणीची मुलगी न्यू जर्सीत बारावीला आहे. तिच्या बाईंनी काहीही प्रस्तावना न करता पुस्तिका वाचायला दिली. बरेच शिक्षक असंच करतात. अर्धं वाचून तिने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामा, हा सीरियस आहे का?" मला हा प्रश्न फार आवडला. पहिलं पान इतकं समंजस आहे, की वाचणारा मान डोलावत त्या टेबलापर्यंत जातो जिथे मूल वाढून ठेवलंय. तिथे पोचल्यावर कळतं की आपण मघापासून मान डोलावत होतो. उपहासाची व्याख्या पाठ करून हा अनुभव मिळत नाही.

नंतरचा गृहपाठही ठरलेला. स्वतःचा 'माफक प्रस्ताव' लिहा. वर्गात बहुतेकांनी होमवर्क, मोबाईलबंदी, पार्किंग असे विषय घेतले. आचरट उपाय सुचवले की झालं. भाचीशी मी पेटीबद्दल बोललो, आणि तिने विषय बदलला. अमेरिकेत शाळेच्या कँटीनमध्ये पैसे भरले नाहीत तर मुलाच्या नावावर उधारी चढते, आणि काही शाळा अशा मुलांना गरम जेवणाऐवजी थंड चीज सँडविच देतात. तिने त्या उधारीचा हिशोब मांडला. मुलं काय काम करून ती फेडू शकतील, तासाला किती भांडी, वर्षाला शाळेची बचत किती, सगळं अगदी नम्रपणे. वर्गात वाचलं तेव्हा सुरुवातीला हशा झाला. मग मागच्या बाकांवरचे काहीजण हसायचे थांबले, असं तिने सांगितलं. बाईंनी त्या दिवशी व्याख्या वगैरे काही विचारल्या नाहीत.

१८७७, पुणे

हा आवाज फक्त पुस्तकात असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. १८७३-७४च्या बिहारच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोकांना जगवलं, आणि त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका बसला. पुढचा मोठा दुष्काळ दख्खन आणि मद्रासकडे पडला, तेव्हा व्हाइसरॉय लिटनने त्यालाच पाठवलं. या वेळी टेंपलने धडा घेतला होता. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी त्याने दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहून कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. कारण सभ्य होतं. एवढ्यात भागतं का हे तपासून पाहू, आणि सरकारी तिजोरीही जपू. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारं शरीर तगणार नाही, असं आकड्यांनिशी सांगितलं. मद्रासेत मजुरी वाढायला त्यानंतर काही महिने गेले. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

या गोष्टीत दोन उत्तरं आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवालांमागून अहवाल पाठवले. सभेमागची न्यायमूर्ती रानड्यांसारखी माणसं इंग्रजी शिक्षणातूनच आली होती. सरकारची हिशोबी भाषा त्यांना नीट वाचता येत होती, त्यामुळे त्यात काय गाळलंय तेही दिसत होतं. दुसरं उत्तर मजुरांचं. मुंबई इलाख्यात हजारो लोक नवी मजुरी नाकारून कामावरून उठून गेले.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना स्विफ्ट का शिकवायचा, याचं माझं उत्तर एवढंच आहे. पुढच्या वर्षी ती मतदान करतील. त्यानंतर चार वर्षांनी त्यांतली बरीच माझ्यासारखीच तक्ते बनवत बसतील. वर्गात त्यांना एकच प्रश्न विचारावा. या हिशोबात कोणाला विचारलेलं नाही? 'अ मॉडेस्ट प्रपोजल'मध्ये जमीनदार आहेत, व्यापारी आहेत, स्वयंपाकी आहेत, लंडनमध्ये भेटलेला एक अमेरिकन जाणकारही आहे, ज्याच्या मते वर्षाचं बाळ फार चविष्ट लागतं. ज्यांना ८ शिलिंग नफा होणार आहे त्या आयांचा एकही शब्द त्यात नाही.